भूतानची वार्षिक नेमणूक : सिंचुल्याच्या तहापासून पंचवार्षिक योजनांपर्यंत

तहनाम्यांचा अभ्यास करणाऱ्यांची नजर बहुधा दोन कलमांवर खिळते. मुलूख कोणाकडून कोणाकडे गेला तें एक, आणि कोण कोणाच्या सल्ल्यानें वागण्यास बांधला गेला तें दुसरें. पैशाचें कलम म्हणजे कारकुनांचें काम, असें समजून वाचक तें ओलांडून पुढें जातो. या उपेक्षेचा धडा मराठ्यांच्या इतिहासांत आपणांस एकदां मिळालेला आहे. इ. स. १८१८ च्या जून महिन्यांत दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हां त्यास सालीना आठ लक्ष रुपयांची नेमणूक ठरली. ही नेमणूक त्याच्या स्वतःच्या व कुटुंबाच्या पोषणाकरितां आहे, अशा अर्थाचे शब्द त्या करारांत होते. १८५१ च्या जानेवारींत बाजीराव वारला आणि कंपनी सरकारानें नेमणूक बंद केली. नानासाहेबांचा पुढील सारा वाद त्या 'कुटुंब' शब्दाच्या अर्थावर उभा होता, आणि तो कोणीं ऐकला नाहीं. ज्या कागदांत पैसा देण्याचें वचन असतें त्यांतील अक्षर न् अक्षर तोलून पाहावें, हें तेव्हांपासून आपल्याकडे कोणास निराळें सांगण्याची गरज राहूं नये.

एका सरकारानें शेजारच्या लहान राज्यास द्यावयाचा पैसा आज 'परराष्ट्रीय साहाय्य' या नांवानें ओळखला जातो. वर्तमानपत्रांत रकमेचा आंकडा येतो, समारंभाचें छायाचित्र येतें, आणि मोठा आंकडा म्हणजे मोठें औदार्य अशी वाचकाची समजूत होते. परंतु हें साहाय्य दान आहे, कशाची तरी किंमत आहे, कीं लगाम आहे, हें आंकड्यावरून कळत नाहीं. तें कळण्यास, जुना कागद हातीं आल्यावर आपण जे प्रश्न विचारतों तेच विचारले पाहिजेत : रकमेस कागदांत नांव काय दिलें आहे; ती कोणत्या दिवशीं द्यावयाची; ती कोणाच्या हातीं पडते; आणि ती बंद करण्याचा अधिकार कोणास व कोणत्या शब्दांत आहे. हे चार प्रश्न घेऊन आम्ही हिंदुस्थानचें सरकार व भूतानचें राज्य यांच्यामधील कागद येथें वाचणार आहों. दिल्ली-कलकत्त्याचा धनी बदलला, परंतु हें देणें १८६५ पासून आजतागायत कोणत्या ना कोणत्या रूपानें चालत आलें आहे. इतक्या लांब परंपरेचीं उदाहरणें थोडींच असतील.

१. पांच टांगण घोडे

या संबंधाचा पहिला कागद पाहूं जातां पैशाचा ओघ उलट्या दिशेनें वाहत होता असें दिसतें. कुचबिहारच्या गादीच्या भांडणांत भूतानी फौज उतरली, कंपनीनें कुचबिहारचा पक्ष घेतला, आणि त्या लढाईच्या शेवटीं २५ एप्रिल १७७४ रोजीं कंपनी व भूतानचा देब राजा यांचा तह झाला. त्यांत चिचाकोटा प्रांत देब राजाकडे राहिला व त्याबद्दल त्यानें कंपनीस दरसाल पांच टांगण घोडे द्यावे असें ठरलें. टांगण म्हणजे भूतानचा ठेंगणा, काटक, डोंगर चढणारा घोडा. या घोड्यांची किंमत फारशी नव्हे. परंतु दरसाल ते डोंगर उतरून येत ही गोष्ट महत्त्वाची. देणारा कोण आणि घेणारा कोण, याची ती वार्षिक साक्ष होती.

ओघ फिरला तो दुआरांमुळें. दुआर म्हणजे द्वार. भूतानच्या डोंगरांतून मैदानांत उतरणाऱ्या खिंडी व त्यांच्या तोंडाशीं असलेला सुपीक पट्टा यांस हें नांव आहे. असे अठरा दुआर मानले जात. अकरा बंगालच्या बाजूचे व सात आसामच्या. डोंगरांत न पिकणारें धान्य व कापूस येथून वर जात असे. इंग्रजांनीं १८२६ मध्यें आसाम घेतल्यावर ते या पट्ट्याचे शेजारी झाले, आणि सरहद्दीवरील लुटालुटीच्या तक्रारी वाढत जाऊन १८४१ मध्यें त्यांनीं आसामचे सात दुआर खालसा केले. त्याच्या मोबदल्यांत भूतानास सालीना १०,००० रुपये देऊं केले. मैदानांतून डोंगरावर चढणारी वार्षिक रक्कम ती हीच. ती देणगी नव्हती. घेतलेल्या मुलुखाच्या उत्पन्नाचा तो वांटा होता, आणि भूतानी दरबाराची समजूतहि तशीच होती.

२. सिंचुल्याचें चौथें व पांचवें कलम

बंगालचे अकरा दुआर राहिले होते. १८६४ च्या आरंभीं अॅश्ली ईडन वकील म्हणून पुनाख्यास गेला. दरबारांत त्याचा अपमान झाला व आसामचे दुआर परत देण्याच्या मजकुरावर त्याची सही घेण्यांत आली. सही करतांना त्यानें 'सक्तीनें' अशा अर्थाचा शेरा इंग्रजींत कागदावर लिहून ठेवला. हस्तलिखितें गोळा करणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. एका शेऱ्यानें साऱ्या कागदाचें मोल फिरतें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं बंगालचे दुआर खालसा केल्याचें जाहीर केलें व युद्ध सुरू झालें. देवनगिरीच्या ठाण्यावरून इंग्रजी पलटणीस तोफा टाकून मागें यावें लागलें, पुढें तें ठाणें त्यांनीं परत घेतलें, आणि ११ नोव्हेंबर १८६५ रोजीं सिंचुला येथें तह झाला.

या तहाच्या दुसऱ्या कलमानें अठराहि दुआर कायमचे इंग्रजांकडे गेले. चौथें कलम पैशाचें. त्यांत वार्षिक रक्कम देण्याचीं कारणें सांगितलीं आहेत, आणि तीं एकाहून अधिक आहेत. एक, मुलूख सोडून दिल्याबद्दल. दुसरें, गतवर्तनाबद्दल भूतान सरकारानें खेद दाखविला म्हणून. तिसरें, पुढें आपल्या दुष्ट प्रजेस आवरण्याचें त्यानें कबूल केलें म्हणून. रक्कम पन्नास हजारांहून अधिक नव्हे अशी मर्यादा घातलेली आहे, आणि तीहि एकदम द्यावयाची नाहीं. अटी पुऱ्या झाल्यावर प्रथम २५,००० रुपये. त्यानंतर येणाऱ्या १० जानेवारीस ३५,०००. त्यापुढील १० जानेवारीस ४५,०००. आणि मग प्रत्येक १० जानेवारीस ५०,०००. ती घेण्यास भूतान सरकारानें जोंगपेनाहून खालच्या दर्जाचा अंमलदार पाठवूं नये अशीहि अट आहे. जोंगपेन म्हणजे जोंग नामक गढीचा अधिकारी. आपल्याकडील किल्लेदार व मामलेदार यांचीं दोन्ही कामें त्याजकडे असत.

पांचवें कलम चौथ्याच्या पाठीस लावलेलें आहे. भूतान सरकारचें गैरवर्तन झाल्यास, किंवा त्यानें आपल्या लोकांच्या आगळिकीस आळा न घातल्यास, किंवा तहाचीं इतर कलमें न पाळल्यास, ही भरपाई सर्वस्वीं किंवा अंशतः थांबविण्यास इंग्रज सरकार केव्हांहि मुखत्यार आहे.

आतां हीं दोन कलमें शेजारीं ठेवून पाहावीं. चौथ्यांत जी रक्कम 'नेमणूक' आहे तीच पांचव्यांत 'भरपाई' झाली आहे. नेमणूक ही मालकाच्या मर्जीची, भरपाई ही घेणाऱ्याच्या हक्काची. मुलूख कायमचा गेला असेल तर त्याची भरपाईहि कायमची असावयास पाहिजे. गैरवर्तन झालें म्हणून दुआर कांहीं परत मिळणार नव्हते. तरीहि मोबदला तेवढा वर्तनावर टांगून ठेवला. सिंचुल्याच्या तहाची खरी खुबी येथें आहे असें आमचें मत आहे. मुलुखाची किंमत हप्त्यांनीं द्यावयाची, आणि प्रत्येक हप्ता चांगल्या वागणुकीचें बक्षीस म्हणून द्यावयाचा. ज्या जमिनीची ही किंमत, तिच्यावर पुढें चहाचे मळे उठले व तिचें मोल कित्येक पटींनीं वाढलें. पन्नास हजारांचा आंकडा मात्र पंचेचाळीस वर्षें हालला नाहीं.

३. पुनाखा, आणि १९४२ ची भर

आंकडा हालला तो ८ जानेवारी १९१० च्या पुनाख्याच्या तहानें. मध्यंतरीं भूतानांत मोठा पालट झाला होता. तोंग्साचे पेन्लोप उग्येन वांगचुक यांनीं १९०४ च्या तिबेटावरील स्वारींत इंग्रजांस मध्यस्थीचें साहाय्य केलें होतें, आणि १९०७ च्या डिसेंबरांत ते भूतानचे पहिले वंशपरंपरागत राजे झाले. इंग्रजांच्या वतीनें सिक्किमचे पोलिटिकल ऑफिसर चार्ल्स बेल यांनीं तहावर सही केली.

हा तह स्वतंत्र नाहीं. सिंचुल्याच्या चौथ्या व आठव्या कलमांची ती दुरुस्ती आहे. चौथ्यांत पन्नास हजारांच्या जागीं एक लक्ष रुपये आले, आणि ते १० जानेवारी १९१० पासून, म्हणजे तहावर सही झाल्याच्या तिसऱ्याच दिवसापासून, लागू झाले. आठव्यांत दोन वाक्यें घातलीं गेलीं : इंग्रज सरकार भूतानच्या अंतर्गत कारभारांत हात घालणार नाहीं, आणि भूतान आपल्या परराष्ट्रसंबंधांत इंग्रज सरकारच्या सल्ल्यानें चालेल. या पन्नास हजारांच्या वाढीस तहांत कारण दिलेलें नाहीं. परंतु दोन दुरुस्त्या एकाच कागदावर, एकाच सहीखालीं आहेत. १८६५ मध्यें जी रक्कम मुलुखाची किंमत होती, तिच्या पोटांत १९१० मध्यें सल्ल्याची किंमतहि शिरली. आणि पांचवें कलम रद्द झालेलें नसल्यामुळें ती थांबविण्याचा अधिकार या नव्या किंमतीसहि लागू राहिला.

पुढें १९४२ मध्यें, युद्धाच्या दिवसांत, सालीना आणखी एक लक्ष रुपये देण्यांत येऊं लागले. ही भर तहांत घातली नाहीं. कागदांत तिला 'तात्पुरती' म्हटलें आहे.

४. दार्जिलिंग, ८ ऑगस्ट १९४९

इंग्रजांचें राज्य गेल्यावर भारत सरकारानें भूतानाशीं नवा तह केला. दार्जिलिंग येथें ८ ऑगस्ट १९४९ रोजीं झालेल्या या तहाचें तिसरें कलम आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत वाचनीय आहे, कारण मागील पाऊणशें वर्षांचीं सारीं नांवें त्याच्या एका वाक्यांत ओळीनें उभीं आहेत. सिंचुल्याच्या तहानें दिलेली व १९१० मध्यें वाढविलेली 'भरपाई', आणि १९४२ ची 'तात्पुरती मदत', या दोहोंच्या जागीं भारत सरकार पांच लक्ष रुपयांची 'वार्षिक रक्कम' देईल, असा त्याचा आशय आहे. 'नेमणूक' हा शब्द गळला. जुन्या रकमेस भारत सरकारानें स्पष्टपणें भरपाई म्हटलें, म्हणजे तिच्या मुळाशीं घेतलेला मुलूख आहे हें मान्य केलें. आणि चौथ्या कलमानें देवनगिरीच्या भागांतील सुमारें बत्तीस चौरस मैल मुलूख एका वर्षाच्या आंत परत करण्याचें कबूल केलें. मुलूख परत येणें ही गोष्ट त्यापूर्वींच्या कोणत्याहि दुरुस्तींत नव्हती.

दिवस मात्र तोच राहिला. रक्कम दरसाल १० जानेवारीस द्यावयाची, व पहिला हप्ता १० जानेवारी १९५० रोजीं. सिंचुला ज्यांनीं लिहिला त्यांचें राज्य बुडालें, महायुद्धें, स्वातंत्र्य हें सारें होऊन गेलें, तरी सरकारी दप्तरांतील ती तारीख तशीच चालत आली. नवा धनी जुन्याच वहींत पुढचें पान उघडतो, हें दप्तरांचा परिचय असलेल्यांस नवल वाटणार नाहीं.

थांबविण्याचा अधिकार गेला काय? गैरवर्तनाची भाषा गेली. परंतु तह अंमलांत आहे व त्याच्या अटी नीट पाळल्या जात आहेत तोंपर्यंत रक्कम चालेल, असें शेवटीं म्हटलें आहे. आणि दुसऱ्या कलमांत परराष्ट्रसंबंधांतील सल्ल्याची अट १९१० च्याच धर्तीवर कायम आहे. लगाम सैल झाला, मऊ झाला, उतरला नाहीं.

५. पैसा रस्ता होऊन जातो

येथवर पैसा पैशाच्या रूपानेंच जात होता. अंमलदारानें यावें व रक्कम मोजून घ्यावी. ती कशी खर्चावयाची हा प्रश्न देणाऱ्यानें कधीं विचारला नाहीं. हें सर्व १९५८ नंतर बदललें.

त्या वर्षाच्या सप्टेंबरांत जवाहरलाल नेहरू भूतानांत गेले. मैदानांतून पारोपर्यंत मोटारीची वाट नव्हती. ते गंगटोकहून नथु-ला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यांतून, घोड्यावर व याकावर बसून, पारोस पोंचले. म्हणजे भारताच्या पंतप्रधानास शेजारच्या मित्रराज्यांत जाण्यास चीनच्या ताब्यांतील मुलुखांतून जावें लागलें. पुढल्याच वर्षीं तिबेटांत उठाव झाला, दलाई लामा भारतांत आले, आणि १९६० मध्यें भूतानानें आपली उत्तरेची सरहद्द बंद केली. शेंकडों वर्षें ल्हासाकडे जाणारा व्यापार तुटला. भूतानास दक्षिणेकडे दार पाहिजे होतें, आणि भारतास उत्तरेच्या सरहद्दीपर्यंत वाट. गरज दोन्ही पक्षांची होती. ती लपविण्याचें कारण नाहीं.

१९६१ मध्यें तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या कारकीर्दींत भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. तिचा अंदाज १७.४७ कोटी रुपयांचा होता आणि तो सारा पैसा भारतानें दिला. १९६६ पासूनची दुसरी योजना २०.२२ कोटींची, तिचाहि भार भारतानेंच उचलला. तहांतील पांच लक्षांची रक्कम या आंकड्यांपुढें किती लहान होती हें सांगावयास नको. आणि ही मोठी रक्कम कोणत्याहि तहाच्या कलमांत नव्हती. तह आहे तसा राहिला, व त्याच्या बाहेरून देणें कित्येक पटींनीं वाढलें.

देण्याची रीतहि पालटली. योजनेच्या पैशाचा मोठा वांटा रस्त्यांवर पडला, आणि रस्ते बांधण्याचें काम भारताच्या सीमा सडक संघटनेकडे आलें. तिचा 'दंतक' नांवाचा विभाग १९६१ च्या एप्रिलांत भूतानाकरितां निघाला. मैदानाच्या कडेच्या फुंतशोलिंगपासून थिंफूपर्यंतचा सुमारें पावणेदोनशें किलोमीटरांचा रस्ता हें त्याचें पहिलें मोठें काम. खेंचरांवर कित्येक दिवसांचा प्रवास मोटारीनें दिवसाभराचा झाला. पूर्वेकडे सामद्रुप जोंगखारपासून ताशिगांगपर्यंत दुसरा रस्ता झाला. आतां भूतानास जें पोंचतें तें रुपया नसून रस्ता आहे. इंजिनिअर भारतीय, यंत्रें व सिमेंट भारतांतून, हिशेब दिल्लीच्या खात्यांत. रुपयाचा मोठा भाग डोंगर चढण्यापूर्वींच खर्च होतो आणि त्याचें फळ डोंगरावर उभें राहतें. जोंगपेनाच्या हातीं पडलेली रक्कम त्याच्या मर्जीनें खर्च होई. पैसा जेव्हां रस्ता होऊन येतो, तेव्हां तो कोठून कोठें जाणार हें देणाऱ्यासहि विचारावें लागतें. याउलट हेंहि खरें कीं रस्ता परत नेतां येत नाहीं. तो एकदां बांधला म्हणजे पांचव्या कलमाच्या आवांक्याबाहेर जातो.

घेणाराहि स्वस्थ बसला नव्हता. भारताच्या पाठिंब्यानें भूतान १९६२ मध्यें कोलंबो योजनेंत शिरला, १९६८ मध्यें थिंफूस भारताचा स्वतंत्र प्रतिनिधि राहूं लागला, आणि १९७१ मध्यें भूतान संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. मग दुसऱ्या राष्ट्रांचें व संस्थांचेंहि साहाय्य येऊं लागलें. एकाच हातून घेणाऱ्यास हिशेब विचारतां येत नाहीं. दुसरा हात पुढें आला म्हणजे येतो.

६. शंभरांतील साठ, चाळीस व तीस

घोड्यांनंतर पुन्हां एकदां भूतानांतून खालीं येणारी वस्तु म्हणजे वीज. वांगछू नदीवरील चुखा येथील ३३६ मेगावॅट शक्तीच्या विद्युत्प्रकल्पाचा करार १९७४ मध्यें झाला. काम दोन्ही सरकारांनीं मिळून नेमलेल्या मंडळाकडे होतें. खर्च भारतानें केला : शंभरांतील साठ रुपये अनुदान, चाळीस रुपये कर्ज, व्याज शेंकडा पांच. भूतानची गरज भागून उरणारी वीज भारतानें विकत घ्यावयाची. १९८८ पर्यंत चारहि यंत्रें चालूं लागलीं. भूतानास कायमचें उत्पन्न मिळालें, बंगाल-बिहाराकडे वीज आली. आम्हीं पाहिलेल्या सर्व व्यवहारांत उभयपक्षीं इतका सरळ दुसरा नाहीं.

पुढच्या करारांत 'साहाय्य' हा शब्द तोच राहिला, पोटांतील प्रमाण मात्र बदलत गेलें. त्याच नदीवरील १,०२० मेगावॅटचा ताला प्रकल्प २००६-०७ मध्यें चालूं झाला. त्यांतहि साठ अनुदान व चाळीस कर्ज होतें, पण व्याज शेंकडा नऊ. १,२०० मेगावॅटच्या पहिल्या पुनात्सांगछू प्रकल्पाचा करार २००७ चा. त्यांत अनुदान चाळीस, कर्ज साठ, व्याज शेंकडा दहा. २०१९ मध्यें पुरा झालेल्या ७२० मेगावॅटच्या मांगदेछू प्रकल्पांत अनुदान तीस, कर्ज सत्तर, व्याज शेंकडा दहा. मूळ पोथींत एक पाठ व नंतरच्या नकलेंत दुसरा पाठ आढळला कीं आपण थांबतों व कारण शोधतों. येथेंहि तसेंच थांबलें पाहिजे. भारताच्या बाजूनें उत्तर असें कीं उत्पन्न देणाऱ्या कामास कर्ज देणें अन्यायाचें नाहीं, आणि विजेचा दर ठरवितांना कर्जफेडीचा विचार केलेला असतो. हें उत्तर पोकळ नाहीं. परंतु पहिल्या पुनात्सांगछू प्रकल्पाच्या धरणाच्या जागीं २०१३ मध्यें डोंगराचा उजवा कांठ खचला व काम वर्षानुवर्षें रेंगाळलें. अशा दिरंगाईंत व्याज वाढत असतें, आणि तें घेणाऱ्याच्या नांवें. भूतानच्या परराष्ट्रीय कर्जाचा मोठा भाग विद्युत्प्रकल्पांचाच झाला आहे, ही गोष्ट या प्रमाणांपासून निराळी काढतां येत नाहीं.

७. योजनेच्या पैशाचे तीन मार्ग

विजेचे प्रकल्प वेगळे. पंचवार्षिक योजनांस भारताचें साहाय्य स्वतंत्र चालतें. २०१८ ते २०२३ या बाराव्या योजनेस भारतानें ४,५०० कोटी रुपये देऊं केले. ते कसे द्यावयाचे हें पाहिल्याखेरीज या आंकड्याचा अर्थ लागत नाहीं.

त्यांतील २,८०० कोटी नेमक्या कामांस बांधलेले होते. अमुक रस्ता, अमुक इस्पितळ, अशी यादी भूतान मांडतो, दोन्ही सरकारांच्या बैठकींत प्रत्येक काम मंजूर होतें, आणि काम पुढें सरकेल तसतसे हप्ते सुटतात. ८५० कोटी लहान कामांस होते : गांवची पाण्याची वाट, शेताचा पाट, शाळेची खोली. हीं कामें भूतानच्या स्थानिक मंडळांतून वर येतात. राहिलेले ८५० कोटी भूतानच्या खजिन्यांत थेट जमा व्हावयाचे व त्या सरकारानें आपल्या विचारानें खर्चावयाचे.

जुन्या भाषेंत सांगावयाचें तर पहिला मार्ग सीमा सडकेचा वंशज आहे आणि तिसरा जोंगपेनाचा. पहिल्यांत देणाऱ्याचा डोळा प्रत्येक रुपयावर असतो. चोरी कमी होते, पण देणाऱ्याच्या दप्तरांतील दिरंगाई घेणाऱ्यास भोगावी लागते. तिसऱ्यांत घेणाऱ्याचा मान राहतो व जबाबदारीहि त्याचीच राहते. ४,५०० कोटींत हा तिसरा भाग शंभरांस एकोणीसहून कमी पडतो. घेणाऱ्यावर देणाऱ्याचा विश्वास किती, याचें माप शोधावयाचें तर तें एकूण रकमेंत नसून या एकोणिसांत आहे. २०२४ पासूनच्या तेराव्या योजनेस भारतानें १०,००० कोटी रुपये जाहीर केले आहेत. तो आंकडा वाचतांनाहि हाच प्रश्न विचारावा.

८. गळलेलें कलम आणि उरलेला अधिकार

८ फेब्रुवारी २००७ रोजीं नवी दिल्ली येथें दोन्ही देशांनीं १९४९ चा तह बदलून नवा केला. त्यांत परराष्ट्रसंबंधांत सल्ल्यानें चालण्याची अट नाहीं; दोन्ही देश आपापल्या राष्ट्रहिताच्या बाबतींत निकट सहकार्य करतील असें आहे. आणि वार्षिक रकमेचें कलमहि नाहीं. १८६५ च्या एकाच घराण्यांतलीं हीं दोन कलमें एकाच वेळीं गळलीं. ज्या दिवशीं सल्ल्याची अट गेली त्या दिवशीं तिच्या किंमतीचाहि उल्लेख गेला, हें योग्यच झालें. १० जानेवारीचा हप्ता तहांतून नाहींसा झाला. साहाय्य मात्र थांबलें नाहीं, उलट वाढलें. सल्ल्याचें बंधन सोडून देऊनहि देणें वाढविलें, ही गोष्ट भारताच्या पदरीं घातली पाहिजे.

तरी चौथा प्रश्न उरतोच. २०१३ च्या ३० जूनला भूतानची दहावी योजना संपली आणि जुलैच्या आरंभीं भारतांतून जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसावरील व रॉकेलावरील सवलत बंद झाली. १३ जुलैला भूतानांत राष्ट्रीय सभेच्या निवडणुकीचें अखेरचें मतदान होतें. घरोघरीं चुलीचा खर्च एकाएकीं वाढला. भारताच्या बाजूनें सांगितलें गेलें कीं सवलतीची मुदत योजनेबरोबर संपली होती. नवी व्यवस्था व्हावयाची होती. भूतानांत पुष्कळांनीं याचा संबंध त्यांच्या पंतप्रधानांनीं आदल्या वर्षीं चिनी पंतप्रधानांची घेतलेली भेट व निवडणूक यांशीं जोडला. मतदानांत सत्ताधारी पक्ष हरला, आणि १ ऑगस्टपासून सवलत पुन्हां चालूं झाली. हेतूविषयीं आम्ही निर्णय देत नाहीं. आमचें लक्ष कागदाकडे आहे. सिंचुल्याच्या पांचव्या कलमान्वयें रक्कम थांबवावयाची असती तर इंग्रजांस कारण सांगावें लागलें असतें : अमुक गैरवर्तन, अमुक कलमाचा भंग. तें कलम उद्दाम होतें, पण उघड्यावर होतें. २०१३ मध्यें कोणतेंहि कलम लागू करावें लागलें नाहीं. एक मुदत संपली आणि तिच्या पुढें कोणीं सही केली नाहीं, एवढेंच. जेथें देण्याचें वचन तहांत लिहिलेलें नसतें, तेथें थांबविण्याचा अधिकारहि लिहिलेला नसतो. आणि न लिहिलेल्या अधिकाराविरुद्ध दाद कोणाकडे मागावयाची? घेणाऱ्यानें मग प्रत्येक दिरंगाईंत हेतु पाहावा, आणि देणाऱ्यानें खरें सांगितलें तरी त्यावर कोणाचा विश्वास बसूं नये, अशी स्थिति होते. यांत दोघांचेंहि नुकसान आहे.

सारांश असा. घोड्यांपासून विजेपर्यंतच्या या अडीचशें वर्षांत या देण्याचें स्वरूप निःसंशय सुधारलें. मुलुखाची किंमत वर्तनाच्या बक्षिसासारखी मोजून देणें, येथून आरंभ झाला. रस्ते, शाळा व विद्युद्गृहें उभीं करणें, येथवर आलों. परंतु ती सुधारणा रकमेनें झालेली नाहीं. नांव स्पष्ट झालें तेव्हां, मुलूख परत दिला तेव्हां, अनुदान व कर्ज यांचें प्रमाण न्याय्य होतें तेव्हां, सल्ल्याची अट काढली तेव्हां ती झाली. आणि जी सुधारणा राहिली आहे तीहि अशीच आहे : मुदत संपण्यापूर्वीं पुढील व्यवस्थेवर सही व्हावी, आणि थांबवावयाचें तर कारण लेखी असावें.

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करतों. तहनामे छापले जातात. त्यांची चिंता नको. नाहींसे होतात ते हप्त्यांच्या पावत्या, बैठकींचीं टिपणें, यादींतून खोडलेल्या कामांचे कागद व ठेकेदारांचीं बिलें. पेशवे दप्तराचें मोल केवळ खलित्यांत नसून रोजकीर्दींत व ताळेबंदांत आहे, हें या मंडळीस आम्हीं सांगावयास नको. फुंतशोलिंगच्या रस्त्यावर वा चुख्याच्या बोगद्यांत काम केलेलीं माणसें, हिशेबनीस व अभियंते, भारतांत अनेक ठिकाणीं निवृत्त होऊन राहिलीं आहेत, आणि त्यांच्या पेट्यांतून असे कागद निघण्याचा संभव आहे. रद्दीवाल्याच्या तराजूवर जाण्यापूर्वीं ते कोणी पाहिले, तर एका सरकारानें दुसऱ्यास पैसा कसा पोंचविला याचा इतिहास पावतीच्या आधारानें लिहितां येईल.